रस्ता कोणाच्या बापाचा?

ज्या रस्त्यासाठी आमच्या वस्तीनं वीस वर्षं अर्ज लिहिले, त्याच रस्त्यावर आमच्या एका बुढीचं खुब्याचं हाड मोडलं. मोडणारा फटफटीवर होता. थांबला नाही. म्हणून हे लिहितोय. कोणाला झोंबलं तर झोंबू द्या. आपल्यातल्याही काहींना झोंबणार आहे.

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग. घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटाखालचे. तालुक्याचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाला आमची वस्ती. २०२० च्या डिसेंबरात सरकारनं ठरवलं की वस्त्यांना चिकटलेली जातीची नावं काढायची आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. पाटी बदलली. नाल्याचा काठ मात्र तोच राहिला.

रस्ता नव्हता तेव्हा आमच्याकडं कुत्रं फिरकत नव्हतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल, की पोट्टे चप्पल हातात घेऊन शाळेत जायचे. मयत न्यायची तर खांदेकरी घसरायचे. मग दलितवस्ती सुधारच्या पैशातून सिमेंटचा रस्ता आला. सरळ, गुळगुळीत, थेट बायपासला भिडणारा. आणि वरच्या गावाला एकाएकी आमची आठवण झाली! संध्याकाळी क्लास सुटले की त्यांचे चिरंजीव येतात. लाखा-दोन लाखांच्या गाड्या. सायलेन्सरची पुंगळी काढलेली. नंबरप्लेट दुमडलेली. पुढचं चाक हवेत. एक गाडी उडवतो, दुसरा मोबाईलवर त्याची रील काढतो. त्या रीलमध्ये आमची घरं म्हणजे मागं पळणारी भिंत आणि आमची माणसं म्हणजे कट मारायला उभे केलेले खांब.

हे ते त्यांच्या कॉलनीत का करत नाहीत? तिथंही सिमेंटच आहे. पण तिथं प्रत्येक फाटकात बापाच्या ओळखीचा एकजण उभा असतो. इथं कोण आहे? इथं आम्ही आहोत. म्हणजे त्यांच्या हिशेबात कोणी नाही.

त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे जायची जागा. आमच्यासाठी रस्ता म्हणजे अंगण. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तेव्हा गुंडांची रांग रस्त्यावर लागते. गोधड्या रस्त्यावर वाळतात, सोयाबीन रस्त्यावर वाळतं, म्हातारी माणसं उन्हाळ्यात खाट टाकून रस्त्यावर झोपतात. रांगतं लेकरू उंबरठा ओलांडलं की थेट रस्त्यावर.

बुढी पाण्याचा गुंड घेऊन उभी होती. गाडीनं कट मारला. बुढी पडली, गुंड गडगडत नाल्यात गेला. तिला अकोल्याला न्यावं लागलं. तिचा पोरगा मार्केट यार्डात हमाली करतो. त्याचे पंधरा दिवस दवाखान्यात गेले, हमालीचा खाडा पडला. मग एक दिवस गाडीवाल्याचा बाप आला. हातात पाकीट. "पोरगा लहान आहे, समजून घ्या." बुढी खाटेवरूनच म्हणाली, "पैसे नको बाप्पा. तुह्या पोट्ट्याले पायी आण इथलोक."

पायी आण! एवढीच मागणी. बापाला कळलीच नाही. त्याला वाटलं, बुढी रक्कम वाढवायला बसली आहे.

मग आम्ही ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "अर्ज द्या, बघू. पण त्यात ॲट्रॉसिटी-बिट्रॉसिटी घुसवू नका हं." आम्ही जातीचा शब्दसुद्धा काढला नव्हता. काढला साहेबांनी. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि कारवाई झाली. कोणावर? आमच्याच चार पोट्ट्यांवर. कोणाचा इन्शुरन्स संपलेला, कोणाकडं लायसन नाही. त्यातला एक सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. त्याची जुनी गाडी ठाण्यात उभी, आणि तो चार दिवस आठ-आठ किलोमीटर पायी कामावर. ज्यानं हाड मोडलं त्याची गाडी त्याच संध्याकाळी पुन्हा आमच्याच रस्त्यावर! तक्रार आमची, दंड आम्हालाच.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आहे. अल्पवयीन पोरानं गाडीवर गुन्हा केला तर बाप किंवा गाडीचा मालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. बेफाम चालवण्यासाठी कलम १८४. रस्त्यावर शर्यत लावण्यासाठी कलम १८९. आवाजासाठी २००० सालचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात. तो रोडरोलर आमच्या गल्लीपर्यंत का पोचत नाही, एवढंच आमचं विचारणं.

१९ मे २०२४ ची पुण्याची रात्र आठवा. कल्याणीनगर. बांधकामवाल्याचा अल्पवयीन पोरगा, पोर्शे गाडी, दोन तरुण जीव गेले. काही तासांत जामीन, आणि अट काय? तीनशे शब्दांचा निबंध! अख्खा देश ओरडला तेव्हा हुकूम फिरला. ओरडायला पुणे होतं, टीव्ही होता. आमच्या बुढीसाठी कोण ओरडणार? आमच्या सेंट्रिंगवाल्याला कोणी निबंध लिहायला सांगितलं नाही. त्याला पावती दिली.

आणि ह्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथं वेगाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, मोजमाप आहे. दुचाकीला तर तिथं मज्जावच. तरीही १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस माणसं जळाली. कुंपण घातलेला वेग माणसं खातो, तर आमच्या दारातल्या मोकाट वेगाचं काय सांगावं?

आता आपल्या घरातलं बोलू.

वरच्या गावचे पोट्टे येतात हे खरं. पण रात्री अकराला विहारासमोर सायलेन्सरमधून बंदुकीसारखे बार कोण काढतं? आपलेच. टाकीवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं आणि खाली फाटाफट. १४ एप्रिलला तर विचारूच नका. ट्रिपल सीट, झेंडा, हॉर्न. बाजूच्या खोलीत पोरगी परीक्षेचा अभ्यास करते, ती कानात कापसाचे बोळे घालून बसते. ज्यानं आयुष्यभर पुस्तक सोडलं नाही त्याच्या जयंतीला आपण आपल्याच पोरीच्या हातातलं पुस्तक खाली ठेवायला लावतो. ही कुठली क्रांती?

आपल्या पोट्ट्यांचा गाडीचा हट्ट मला कळत नाही असं नाही. आमच्या आज्यांना गावातून घोड्यावर बसून जाता येत नव्हतं. २०१८ साली गुजरातेत, भावनगर जिल्ह्यात, घोडा पाळला आणि त्यावर बसला म्हणून दलित तरुणाला मारलं, अशी त्याच्या बापाची तक्रार होती. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या दलित पोराच्या हातांवर वार केले, असं त्याचं घर सांगतं. फार लांब कशाला, २०१५ च्या मे महिन्यात आपल्या शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आमच्या पोराचा जीव घेतला. त्यांना आमची रिंगटोनसुद्धा कानठळ्या बसवते! अशा देशात हप्त्यानं घेतलेली गाडी म्हणजे नुसतं लोखंड नाही. ती ताठ मान आहे. ती असलीच पाहिजे. एखाद्या ठाणेदारानं 'गोंगाटा'च्या नावाखाली आमच्याच गाड्या उचलल्या तर त्याच्याशी भांडायला मी पहिला.

पण भावांनो, ताठ मान कोणासमोर? पाटलाच्या वाड्यासमोर मान वाकवायची आणि आपल्याच बुढीच्या दारात इंजिन गुरगुरवायचं, ह्याला ताठ मान म्हणत नाहीत. धनदांडग्याच्या पोराची नक्कल करून कोणी त्याच्या बरोबरीचा होत नाही.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बैठक घेतली. म्हातारे म्हणाले, जाऊ द्या, मोठ्यांशी वैर नको. तरुण म्हणाले, रस्त्यावर तार बांधू. मी उभा राहिलो. तारेनं मान कापली जाते. आम्हाला न्याय हवा, कोणाच्या लेकराचं मुंडकं नको. तार रद्द झाली. तरी कोणीतरी रातोरात मुरमाचा ढिगारा टाकलाच. त्यावर पहिला कोण आपटला? आपलाच ऑटो, आत पोटुशी बाई. सकाळी आम्हीच तो ढिगारा उपसला.

वाट बायांनी काढली. पाचच्या ठोक्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी खाटा टाकल्या आणि बसल्या. मधून सायकल, ऑटो, ॲम्ब्युलन्स जाईल एवढी जागा सोडली. गाडी आली की हळू व्हावंच लागतं. हळू झाली की चेहरा दिसतो, नंबर दिसतो. नंबर वहीत. तारीख, वेळ वहीत. नववीतली एक पोरगी ती वही सांभाळते. आमच्या पोट्ट्यांनी आधी स्वतःच्या गाड्यांच्या पुंगळ्या परत बसवल्या, कागदपत्रं नीट केली, आणि मग अर्जावर सह्या केल्या. ह्या खेपेला अर्जाची पोच घेतली. आता साहेबांना "आधी तुमची पोरं सांभाळा" म्हणायची सोय उरली नाही. नगरपरिषदेकडं पांढऱ्या पट्ट्यांचे दोन गतिरोधक मागितले. ते अजून कागदावर आहेत. खाटा मात्र रोज रस्त्यावर आहेत. रील काढणारे कमी झाले, बंद झाले नाहीत.

कोणी म्हणेल, देशात एवढे प्रश्न आणि हे फटफटीचं काय घेऊन बसले? त्यांना सांगा, रस्त्यानं चालणं हा आमच्यासाठी कधीच लहान प्रश्न नव्हता. १९२४ साली केरळात वैकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालता यावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. २० मार्च १९२७ ला महाडला आमची माणसं पायीच तळ्यावर गेली, आणि त्या दिवशी पाणी पिऊन परतणाऱ्यांवर काठ्या पडल्या त्या रस्त्यावरच. तेव्हा ते म्हणायचे, ह्या रस्त्यानं येऊ नका. आता म्हणतात, या, पण आमची गाडी आली की बाजूला व्हा. फरक काय?

रस्ता गाडीवाल्याच्या बापाचा नाही. पोलिसाच्याही बापाचा नाही. ज्याला पायी जायचंय त्याचा हक्क त्यावर पहिला आहे, मग तो हक्क हिरावणारा वरच्या गावचा असो की आपल्या गल्लीतला.

बुढी आता काठी घेऊन दारापर्यंत येते. खाटेवर बसते. पोट्टा अजून पायी आलेला नाही. आम्ही वाट बघतोय. वहीत त्याच्यासाठी एक ओळ कोरी ठेवली आहे.

जय भीम.