शिळ्याची बाजू

परवा शनिवारी बऱ्याच दिवसांनी मागच्या अंगणात ग्रिल पेटवलं. निमित्त काही नाही. हवा छान होती आणि प्रॉडक्शनमध्ये काही फुटलेलं नव्हतं. एवढं पुरतं. अडीच पौंडांचा ट्राय-टिप आणला. खाणारे आम्ही दोघंच, म्हणजे निम्मा उरणार हे आधीच ठरलेलं. आज मला त्या उरलेल्या निम्म्याबद्दलच बोलायचंय.

(बीफचा विषय नको असेल त्यांनी इथेच थांबावं, राग नाही. पुढच्या रविवारी पोह्यांवर लिहीन.)

ट्राय-टिप म्हणजे सरलॉइनच्या खालच्या टोकाचा त्रिकोणी तुकडा. एका जनावरात असे दोनच. पूर्वी खाटीक तो खिम्यात नाहीतर स्ट्यूसाठी तुकडे करून संपवत. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावरच्या सांता मारिया गावात १९५० च्या दशकात तो अख्खा भाजायची पद्धत रुजली. बॉब शुट्झ नावाच्या खाटकाला याचं श्रेय देतात. लाल ओकच्या निखाऱ्यांवर, फक्त मीठ, मिरी आणि लसूण लावून. सोबत पिंकिटो नावाचा बारीक गुलाबी घेवडा, साल्सा आणि लोणी लावून भाजलेला पाव. थोडक्यात, कोणी अख्खा विचारत नव्हतं असा हा तुकडा. मला तो आवडण्याचं निम्मं कारण हेच.

कृती सोपी आहे. निखारे एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी. आधी निखाऱ्यांवर दोन्हीकडून खरपूस करायचा, मग मोकळ्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. थर्मामीटर आत १३० फॅरनहाइट (म्हणजे ५४ सेल्सिअस) दाखवायला लागला की मी काढतो. सरकारी यूएसडीए मात्र १४५ आणि वर तीन मिनिटं थांबा असं सांगतं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर गपचूप तेच ऐका. नंतर दहा मिनिटं हात लावायचा नाही. कापताना एकच गोम आहे: याचे धागे दोन वेगळ्या दिशांना जातात. म्हणून दिशा बदलते तिथे आधी दोन भाग करायचे आणि प्रत्येक भाग धाग्यांना आडवा, पातळ कापायचा. धाग्यांच्या दिशेने कापलात तर चपलेचा तळ चावल्यासारखं लागतं.

हे सगळं न वाचता मी पहिल्यांदा केलं होतं तेव्हाची गोष्ट. इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. आठ जणांना जेवायला बोलावलं आणि हौसेने दोन मोठे तुकडे आणले. त्यातले तिघं हे खात नाहीत हे विचारायचं राहूनच गेलं (रिक्वायरमेंट्स न घेता कोडिंग!). निम्म्याहून जास्त उरलं. ते रात्रभर ओट्यावर तसंच राहिलं. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून बघितलं तर रबर. आणि रात्रभर बाहेर राहिलेलं, म्हणजे धोक्याचंच. सगळं कचऱ्यात. दुपारी आईचा फोन, "काल काय केलं होतंस?" म्हटलं, "चिकन."

खोटं बोललो याचं वाईट वाटलंच. आमच्याकडे मटण चालतं, हे नाही. पण खरी टोचणी त्या कचऱ्याच्या पिशवीची होती. आमच्या घरात उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा व्हायचा आणि भाताला फोडणी बसायची. ताटात घास राहिला तर आई काही बोलायची नाही, नुसती बघायची.

माझं मत असं: बीफ खावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे तिथे तो कायद्याचाही प्रश्न. पण खायचं ठरवलंत तर एक जनावर त्यासाठी मेलेलं असतं. न खाण्याच्या बाजूने शंभर कारणं सापडतील, खाण्याच्या बाजूनेही काही सापडतील. आणून निम्मं फेकण्याच्या बाजूने एकही सापडत नाही.

यावर मित्र म्हणतात, "शिळं मांस? छे!" हेच लोक मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो म्हणून शपथेवर सांगतात. फ्रिज नव्हता, उकाडा होता, तेव्हा शिळं टाळण्यात शहाणपण होतं. आता प्रश्न शिळं की ताजं हा नाही, नीट ठेवलं की नाही हा आहे.

तर नीट ठेवायचं. जेवण झालं की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, न कापता, घट्ट गुंडाळून. तीन-चार दिवसांत संपवायचं. आणि नुसतं गरम करायचं नाही. शिजलेल्या मांसातली चरबी हवेने बिघडायला लागते आणि परत तापवलं की तो शिळा वास वर येतो. एक तर गार खा, नाहीतर मसाल्यात घालून पटकन परता.

आमचा हिशोब: रविवारी गार पातळ काप, पावात, मोहरीची चटणी आणि कच्चा कांदा. सोमवारी डब्याला पोळीचा रोल, हिरवी चटणी, लिंबू. मंगळवारी टोकांचे बारीक तुकडे, बटाटा, कांदा, काळा मसाला आणि वर अंडं. अमेरिकन लोक असल्या पदार्थाला हॅश म्हणतात (आमच्या धंद्यातला हॅश वेगळा). काळा मसाला त्यांना माहीत नाही, हे त्यांचं दुर्दैव. खरं सांगू? शनिवारच्या गरम ट्राय-टिपपेक्षा मला मंगळवारचा जास्त आवडतो.

असो. गेल्या वर्षी आईला एकदाचं सांगून टाकलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "एवढा मोठा तुकडा दोघांना संपतो?"

"नाही. उरलेला पोळीत गुंडाळून डब्याला नेतो."

"टाकत नाहीस ना?"

"नाही."

"बरं," म्हणाली, आणि पावसाचं बोलायला लागली. तिला ते आवडलेलं नाही, आवडणारही नाही. पण आता ती रविवारी फोनवर "काय केलं होतंस?" विचारते तेव्हा मी खरं सांगतो.