करवलीने नवरीजवळच राहावं

तुमच्या बहिणीचं किंवा मैत्रिणीचं लग्न आहे आणि करवली म्हणून तुम्ही उभ्या राहणार आहात. एक कळकळीची विनंती आहे. त्या दिवशी दुसरं कुठलंही काम अंगावर घेऊ नका. अक्षता वाटायला, वऱ्हाडाची बस कुठवर आली ते विचारायला, केटररशी बोलायला घरात माणसं असतात. नवरीसाठी मात्र कुणीच मोकळं नसतं. आई-वडील विधींना बसलेले, मावश्या-काकू मानपानात अडकलेल्या, भाऊ कार्यालयाच्या दारात. सगळे तिच्याकडे बघतात, पण तिला तहान लागलीय का हे कुणी विचारत नाही. ते विचारणारं माणूस तुम्ही व्हा.

हातात करा-दिवा घेऊन मुहूर्ताला नवरीच्या मागे उभं राहिलं की आपलं काम झालं, असं पुष्कळजणींना वाटतं. मंगलाष्टकं किती वेळ चालतात? खरं काम पहाटे सुरू होतं आणि रात्रीपर्यंत संपत नाही.

सगळ्यात आधी खाणं. अनेक घरांत अक्षता पडेपर्यंत नवरीने उपवास करायची पद्धत आहे. मुहूर्त दुपारचा असला, तर मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, मग साडी बदलून फोटो, मग आहेर घेऊन येणाऱ्यांची रांग. पहिला घास तोंडात जाईपर्यंत चार वाजतात. त्यात वैशाखातलं ऊन, अंगावर जड शालू, समोर होमाचा धूर. अशा वेळी चक्कर आली तर नवल नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच घरात विचारून घ्या की उपवास धरायचा आहे का, आणि त्यात काय चालतं. दूध, ताक, लिंबू सरबत, केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू बहुतेक घरांत चालतो. गौरीहराला बसण्याआधी यातलं काहीतरी तिच्या पोटात गेलंच पाहिजे. नथ आणि लिपस्टिकमुळे ती पाणी नको म्हणते, तेव्हा स्ट्रॉ जवळ ठेवा. तिला रोजची गोळी असेल, थायरॉइडची असो की साखरेची, तिची वेळ तुम्ही सांभाळा. त्या दिवशी तिला ती आठवणार नाही.

पाणी न पिण्याचं दुसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. नऊवारी नेसल्यावर बाथरूमला जायचं कसं, या धास्तीने मुली दिवसभर घशाला कोरड पाडून घेतात. हे थांबवा. शिवलेली नऊवारी असेल तर सोपं पडतं. नेसवलेली असेल, तर नेसवणाऱ्या बाईंकडून काष्टा सोडून पुन्हा कसा खोचायचा ते तिथेच शिकून घ्या. मुहूर्ताआधी एकदा आणि सप्तपदी झाल्यावर एकदा तुम्ही स्वतःहून तिला घेऊन जा. तिने सांगायची वाट बघू नका, कारण चारचौघांत ती सांगणार नाही. पाळीचंही तसंच. पॅड पर्समध्ये असू द्या. पाळी लांबवण्याची गोळी घ्यायचीच असेल तर काही दिवस आधी डॉक्टरांना विचारून घ्यावी. ऐनवेळी कुणी काकूंनी दिलेली गोळी तिला घेऊ देऊ नका.

होमाला बसताना तिचा पदर आणि शेला पिनांनी नीट बसवा आणि लाह्या घालताना जवळ थांबा. कृत्रिम धाग्याचं कापड ठिणगीनेही पेटू शकतं. चापाची नथ नाकाला रुतते, ती जेवताना काढून तुमच्याजवळ ठेवा. तिचा फोन तुमच्या पर्समध्ये, आवाज बंद करून. दागिन्यांची यादी कागदावर करा आणि बदललेला दागिना लगेच घरातल्या एकाच ठरलेल्या व्यक्तीच्या हातात द्या. नवरीच्या खोलीला कुलूप हवं, किल्ली एकीकडेच हवी. मंगल कार्यालयात चांगले कपडे घालून शिरणारे चोर कुणाचे पाहुणे म्हणून कुणीच विचारत नाही.

आणि माणसं. लग्नात रुसवेफुगवे होतात. कुणाला साडी हलकी वाटते, कुणाला पहिल्या पंगतीत पान मिळत नाही. हे काहीही नवरीच्या कानावर जाऊ देऊ नका. सांगायला आलेल्या आत्याला गोड बोलून दुसरीकडे न्या. पण एक गोष्ट मात्र तिच्यापासून कधीही लपवू नका. मुलाकडच्यांनी ऐनवेळी पैशाची, गाडीची, सोन्याची मागणी केली आणि घरची मंडळी कोपऱ्यात जमून दबक्या आवाजात बोलू लागली, तर ते तिला मुहूर्ताआधी कळलंच पाहिजे. हुंडा मागणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या घरात तिला जन्म काढायचा आहे, त्या घराची ही वागणूक तिला माहीत असायला हवी. हॉल भरलाय, पत्रिका वाटल्यात, म्हणून तिला अंधारात ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. ती थांबायचं म्हणाली, तर तिच्या बाजूने बोलणारा पहिला आवाज तुमचा असू द्या.

आता घरातल्या मोठ्यांशी दोन शब्द. करवली कोण, हे नवरीला ठरवू द्या. सख्खी बहीण विधवा आहे, घटस्फोटित आहे म्हणून तिला मागे उभं करायचं आणि लांबच्या चुलतबहिणीला पुढे काढायचं, हे अजूनही चालतं. त्याने बहीण दुखावते आणि नवरीचा दिवसही कडू होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. एक गाव हे करू शकतं, तर एका घराला ते अवघड नसावं. जिला बघून नवरीचा जीव शांत होतो, ती करवली.

एक छोटं, पण पुढे फार उपयोगी पडणारं काम. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. तीन साक्षीदार लागतात, आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही लागते. गुरुजी दक्षिणा घेऊन निघाले की त्यांच्यामागे फिरावं लागतं. अर्ज आधीच आणून ठेवा आणि सही कार्यालयातच घ्या. एक साक्षीदार तुम्ही आहातच.

पाठवणीला गाडी सुटली की करवली मोकळी, असं आपण धरून चालतो. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जायची आणि सासरी काही दिवस राहायची. आता सासर त्याच शहरात असतं, फोन असतो, म्हणून ती पद्धत मागे पडत चालली आहे. पण माप ओलांडून आत गेल्यावरचे पहिले काही तास अजूनही तितकेच परके असतात. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, केसांत अडकलेल्या पिना काढायला हात वर जात नाहीत, आणि कपड्यांची बॅग कुणाच्या गाडीतून आली ते माहीत नाही. तेव्हा शक्य असेल तर त्या संध्याकाळी तिच्याबरोबर जा. सासरच्या बायकांना आधी फोन करून विचारा. बहुतेकजणी आनंदाने हो म्हणतात. तिची बॅग तिच्या खोलीत पोचवा, पिना काढा, गरम वरणभात मागून घ्या आणि ती जेवेपर्यंत बसा.