सपाट ध्वनिक्षेपक आणि आपली खोली

घरांतील ध्वनिक्षेपक म्हटला कीं लांकडी पेटी डोळ्यांपुढें येते. परंतु फळीसारखे उभे राहणारे सपाट ध्वनिक्षेपकहि आतां संगीतप्रिय कुटुंबांस खुणावीत आहेत. इंग्लंडांत पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनें स्थिरविद्युतेवर चालणारा असा ध्वनिक्षेपक १९५७ सालीं विक्रीस आणला. अमेरिकेंत १९६९ सालीं निघालेल्या मॅग्नेपॅन कंपनीनें चुंबकाची जात लोकप्रिय केली. यांतून तंबोऱ्याची आस इतकी स्वच्छ ऐकूं येते कीं कोणासहि मोह पडावा. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं आपली खोली व आपली हवा यांचा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम खोली. या फळीचा पडदा पुढें जितका आवाज फेंकतो तितकाच मागेंहि फेंकतो. मागचा आवाज भिंतीवर आपटून तत्काळ परतला तर मूळ सूर गढूळ होतो. म्हणून फळी भिंतीपासून निदान तीन फूट पुढें हवी. ऐकणारा तिच्यापुढें आठ फुटांवर बसला कीं अकरा फूट झाले; बारा फुटी खोलींत त्याचें डोकें मागील भिंतीस टेकावयाचेंच राहिलें! अठरा फुटी दिवाणखान्यांत मात्र ही व्यवस्था सुखानें बसते. खालच्या सुरांत पुढील व मागील लाटा कडेवरून वळून परस्परांस मारतात, म्हणून लहान फळींतून डग्ग्याचा घुमारा भरत नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य आहे. फळीच्या कडेच्या रेषेंत आवाज सर्वांत कमी जातो, पाठीमागें मात्र समोरच्याइतकाच. पाठीमागें पातळ भिंत आणि पलीकडे आजीबाईंचें अंथरूण किंवा परीक्षेस बसलेल्या मुलाचें टेबल असेल, तर एकाचें संगीत तें दुसऱ्याची शिक्षा होईल. तें टेबल फळीच्या बाजूच्या खोलींत असलेलें बरें.

आतां टिकाऊपणा. पडदा केंसाहूनहि पातळ असतो. स्थिरविद्युतेच्या जातींत हजारों व्होल्टचा दाब असतो. तो धूळ ओढून घेतो, आणि पावसाळी दमट हवेंत भार गळून आवाज मंदावतो, प्रसंगीं ठिणगी पडून पडद्यास भोंक पडतें. चुंबकाच्या जातींत पडद्यावर तारा चिकटविलेल्या असतात. उष्णतेनें व वयानें तो चिकटा सुटूं लागतो. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, खाणींच्या परिसरांत कोळशाची धूळ असते, आणि जंगलपट्टींतील पाऊसहि थोडाथोडका नव्हे. तेव्हां फळी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, वाजत नसतां सुती आच्छादन घालावें, आणि पडदा बदलून देणारा कारागीर कोठें मिळेल हें आधींच विचारावें. कठीण फळीच्या पाठीस कंपक लावून ती वाजविण्याची तिसरी जात अधिक दणकट असते, पण तिच्यांत सुरांची तितकी शुद्धता नसते.

आमची सूचना एवढीच: खरेदीपूर्वीं फळीच्याच मापाचे दोन पुठ्ठे भिंतीपासून तीन फुटांवर आठ दिवस उभे करावे. मुलें त्यांस धडकलीं नाहींत, केरवारा करतांना अडचण झाली नाहीं, आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं कुरकुर केली नाहीं, तरच पैसे मोजावे. नाहीं तर लहान खोलीस जुनी पेटीच शोभते. तिच्यांतूनहि गाणें गोडच लागतें.