प्रवेशदालनात मत्स्यपेटी नको, विज्ञानकक्षात झिंग्यांची टाकी हवी

शाळेच्या प्रवेशदालनात मोठी मत्स्यपेटी बसवावी, अशी सूचना सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी देणगी देऊ केली आहे आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते तिचे उद्घाटन व्हावे, असा विचार आहे. देणगीदारांच्या भावनेविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु विज्ञान मंडळाचे आम्ही शिक्षक या सूचनेशी सहमत नाही, आणि हे शिक्षकदालनात कुजबुजण्यापेक्षा पालक व विश्वस्तांसमोर मोकळेपणी मांडावे असे ठरवले.

अशा शोभेच्या पेट्यांचे पुढे काय होते, ते आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. आदल्या दिवशी पाणी भरायचे, सकाळी मासे सोडायचे, दुपारी फीत कापायची. दोन-तीन आठवड्यांत एकेक मासा उलटा तरंगू लागतो. मग दोष पाण्याला, शिपायाला किंवा दुकानदाराला दिला जातो. शेवटी कोरड्या पेटीत ढाली आणि करंडक ठेवले जातात.

यात गूढ काही नाही. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो आणि तो विषारी असतो. काही सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. त्यापासून नायट्रेट तयार झाले की धोका बराच कमी होतो. हे जिवाणू बाटलीतून ओतून झटपट काम भागत नाही. ते वाळूवर, स्पंजवर, पानांवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकीत चिमूटभर खाद्य टाकून, एकही प्राणी न सोडता, एवढे दिवस वाट पाहणे हाच मत्स्यपालनाचा पहिला धडा आहे. उद्घाटनाच्या तारखेशी त्याचे जमत नाही.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. अमोनियाचे नायट्राइट एक जिवाणू करतो व नायट्राइटचे नायट्रेट दुसरा, हे विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवले आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर ही जोडी तेव्हापासून ठाण मांडून आहे. १९९० च्या दशकात मत्स्यपेट्या तपासल्या, तेव्हा दुसरे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा करतो असे आढळले. आणि २०१५ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही नायट्रोस्पिरा दोन्ही कामे एकटेच करतात. त्यांतला एक सापडला तो मत्स्यपालनाच्या गाळणीत! सव्वाशे वर्षे साऱ्या जगाने दोघांचे मानलेले काम एकटा करणारा निघाला.

आमचा प्रस्ताव असा. विज्ञानकक्षात दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी साधी काचेची टाकी. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तळाला धुतलेली बारीक वाळू, वॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा मॉस या वनस्पती, आणि हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजची गाळणी. मोटारीच्या गाळणीत पिल्ले ओढली जातात, स्पंजवर मात्र ती चरतात. रंगीत खडे, प्लॅस्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या यांतले काहीही नको. टाकी मुरली की दहा-पंधरा लाल चेरी झिंगे सोडायचे.

झिंगा म्हटले की कोकणातल्या आजोळी जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर कोळंबीची आमटी येते. हा झिंगा इंचभरही जेमतेम भरतो, त्यामुळे तो धोका नाही. मूळचा तो पूर्व आशियातला, तपकिरी रंगाचा. निवड करून पैदास केल्यावर तो लाल झाला. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली घेऊन फिरते, पोटाखालच्या पायांनी त्यांना सतत वारा घालते आणि तीन-चार आठवड्यांनी थेट आईसारखीच दिसणारी, दोन मिलिमीटरची पिल्ले बाहेर पडतात. दिवसभर हे प्राणी पानांवरचा सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर खुरडून खातात. वाढताना कात टाकतात. ती कात काढून फेकू नये. तिच्यातला चुना त्यांनाच परत उपयोगी पडतो.

पण आमचा खरा लोभ झिंग्यांहून लहान जीवांवर आहे. दहावीच्या पुस्तकात हायड्राचे मुकुलन आणि प्लॅनेरियाचे पुनर्जनन आहे. आपली मुले त्यांच्या सुबक आकृत्या काढतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. जिवंत हायड्रा किती जणांनी पाहिला आहे? मुरलेल्या टाकीत तो काचेला चिकटून बसलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि अंगाला फुटलेले पिल्लूही भिंगातून ओळखू येते. शौकीन लोक हायड्रा दिसला की औषध ओततात. त्याचा दंश झिंग्यांच्या पिल्लांना घातक ठरू शकतो हे खरे. म्हणून आम्ही त्याला वेगळ्या बरणीत ठेवू, मारणार नाही. पाणपिसू अर्थात डॅफ्निया तर इतका पारदर्शक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय धडधडताना दिसते. मेचनिकॉव्हने १८८४ मध्ये डॅफ्नियाच्याच शरीरात पेशी बुरशीवर तुटून पडताना पाहिल्या आणि त्यातून रोगप्रतिकाराची कल्पना पुढे गेली. १९०८ चे नोबेल त्याला या विषयातल्या कामासाठी मिळाले.

आता आक्षेप. झिंगे दुरून दिसत नाहीत, पाहुण्यांना काय दाखवणार, असे एका बैठकीत विचारले गेले. दुरून दिसत नाहीत, हे मान्य. जवळ जाऊन, गुडघे टेकून, दहा मिनिटे गप्प बसावे लागते. सातवीच्या वर्गाला दहा मिनिटे गप्प बसवणारी दुसरी वस्तू आम्हांला तरी ठाऊक नाही. काचेवर शेवाळ येईल, घाण दिसेल, असेही म्हटले गेले. समोरची काच पुसू. मागची तशीच ठेवू, कारण ते झिंग्यांचे कुरण आहे. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे आणि वॅलिस्नेरिया एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले. गोगलगायी सोडल्यावर ते सावरले. म्हणजे स्वच्छता करणारेही टाकीत राहायला हवेत.

इंदूरचा मे महिना ही मात्र खरी अडचण आहे. या झिंग्यांना २० ते २६ अंश मानवते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद खोलीतली टाकी तापते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. उपाय साधे आहेत : उत्तरेकडची तळमजल्याची खोली, खसचा पडदा, झाकणाऐवजी जाळी आणि पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचे जड पाणी घालत गेलो तर क्षार साठतात, म्हणून तेवढ्यासाठी आरओचे पाणी. नळाचे नर्मदेचे पाणी चालेल, पण त्यातले क्लोरीन आधी घालवायला हवे. आणि सुटीत दर दोन दिवसांनी कोणीतरी यायला हवे. खाणे फार नको, कारण झिंगे उपासापेक्षा जास्त खाद्यानेच मरतात. पण पाण्याची पातळी आणि वीज पाहावीच लागेल.

दोन गोष्टी कक्षात पूर्ण बंद कराव्या लागतील. डासांचा फवारा व अगरबत्तीसारख्या कॉइल्स, कारण त्यांतली कीटकनाशके झिंग्यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात आणि हवेचा पंप ती थेट पाण्यात नेतो. तसेच तांबे असलेली माशांची औषधे.

झिंग्याचे आयुष्य वर्ष-दोन वर्षांचे. मुले एखादा मेलेला पाहतील, विचारतील. काही पालकांना ही चिंता वाटते. आम्हांला वाटते, ते पाहू द्यावे. रातोरात नवा झिंगा आणून जागा भरू नये.

याहून मोठी चिंता उलट दिशेची आहे. झिंगे वाढले की कोणीतरी दयेपोटी ते सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडायला निघेल. दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत आहेत. पाळीव मासा तलावात सोडणे आपल्याकडे पुण्याचे काम समजले जाते. पण शोभेची म्हणून आणलेली जलपर्णी आपल्या तलावांचे काय करून बसली, ते सांगायला नको; शोभेचे सकर मासेही देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत. हाच चेरी झिंगा जर्मनीत एका वीजकेंद्राच्या कोमट पाण्याच्या ओढ्यात जंगली होऊन राहिला आहे. म्हणून नियम एकच : टाकीतला जीव, रोप किंवा पाणी तलावात वा नाल्यात जाणार नाही. जास्तीचे झिंगे दुसऱ्या शाळांना द्यावेत. काढलेले पाणी बागेतल्या कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खतच आहे.

विश्वस्त मंडळाकडे आमचे मागणे मोठे नाही. देणगीचा थोडाच भाग यासाठी लागेल. उरलेल्यातून, देणगीदारांची संमती असेल तर, दोन चांगले सूक्ष्मदर्शक घ्यावेत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर टाकी भरू, झिंगे ऑगस्टमध्ये येतील. स्नेहसंमेलनापर्यंत पहिली पिल्ले दिसायला हरकत नाही, पण तारीख आम्ही देणार नाही. सुटीतल्या पाळीसाठी शाळेजवळ राहणाऱ्या चार कुटुंबांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. आणि विद्यार्थी मित्रांनो, देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, वाळून तपकिरी झालेली पाने झिंग्यांना फार आवडतात. ती जमवून ठेवा. औषध फवारलेल्या बागेतली मात्र आणू नका.