कर्णा बंद करा, पोरे वाजवीत आहेत!

अमेरिकेतल्या कॉलेज-फुटबॉलमध्ये पाहण्यासारखे काय असते, असे कोणी विचारले तर मी बिनदिक्कत सांगतो : मध्यंतर. हे वाक्य मी आमच्या गावात चारचौघांत उच्चारले तर शेजारीपाजारी माझ्याकडे चहाला यायचे बंद होतील. इथल्या मिडवेस्ट भागातल्या विद्यापीठाच्या गावात हिवाळ्याआधीचा शनिवार म्हणजे आषाढी एकादशी आणि गणेशविसर्जन एकाच दिवशी आल्यासारखा असतो. पण दिवाळी अंकाचा वाचक फराळाने तृप्त होऊन बसलेला असतो. तो माझे ऐकून घेईल असा मला भरवसा आहे.

आधी खेळाविषयी दोन शब्द, कारण नावाने घोटाळा होतो. 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला. रटगर्सने तो 6-4 असा जिंकला. त्या दिवशी चेंडू गोल होता आणि तो हातात घेऊन पळायला बंदी होती. तेव्हा हे नाव शोभत होते. पुढे चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट झाला, हातात गेला, काखेत गेला, हवेत फेकला जाऊ लागला. नाव मात्र तेच राहिले. आपल्याकडेही आडनावे आणि धंदे यांची फारकत कधीच झाली आहे, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. घड्याळाच्या हिशेबाने खेळ साठ मिनिटांचा. प्रत्यक्षात तो साडेतीन तास चालतो. मधल्या वेळात गडी डोक्याला डोके लावून खलबते करतात, पंच शिट्ट्या फुंकतात, आणि टेलिव्हिजनवर मोटारींच्या जाहिराती चालू असल्या की मैदानावरची सगळी मंडळी लग्नातल्या वऱ्हाडासारखी नुसती ताटकळत उभी राहतात.

या फटींसाठीच देवाने बँड निर्माण केला असे माझे ठाम मत आहे. आणि माझे भांडण आहे ते इथेच. पूर्वी या फटींतून बँड वाजे. आता गडी थांबले रे थांबले की कर्ण्यांतून कोणाचे तरी ध्वनिमुद्रित गाणे अंगावर कोसळते. दोनशे पोरे पितळेची वाद्ये ओठांशी धरून बसलेली असतात, आणि त्यांच्या डोक्यावरचा कर्णा त्यांना सांगत असतो, ‘तुम्ही जरा गप्प बसा, आम्हांला संगीत ऐकवायचे आहे!’

ही पोरे कोण असतात हे मला स्टेडियममध्ये कळले नाही. ते शेजारामुळे कळले. आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंग शिकते आणि सुझाफोन वाजवते. सुझाफोन म्हणजे अंगाभोवती विळखा घातलेला पितळी अजगर, ज्याचे तोंड डोक्यावर फुललेले असते. कॉलेज उघडण्याआधी, ऑगस्टच्या उन्हात, ती हा अजगर खांद्यावर घेऊन पावले मोजत असते. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे पाऊल बरोबर साडेबावीस इंचांचे. आणि तेही खाली न पाहता, सूर न सोडता. नोव्हेंबरात वाद्यातली हवा गारठते आणि सूर उतरतो. पुढे पुढे तर कळासुद्धा गोठून बसतात. हवा बदलली की सतार रुसते हे मला ठाऊक होते. पितळही थंडी मनाला लावून घेते, हा शोध मला इथे लागला.

या कष्टांतून काय निघते ते पाहायचे असेल तर ओहायो स्टेटचा बँड पाहावा. 1936 पासून हा बँड चालता चालता मैदानावर ‘ओहायो’ हा शब्द लिहितो. तोही सुट्या अक्षरांत नव्हे, तर जोडून. आपले चिटणीस बोरू न उचलता मोडी लिहीत, तसा. सगळा शब्द झाला की इंग्रजी आय या अक्षरावरचा टिंब तेवढा उरतो. मग एक सुझाफोनवाला ऐटीत पावले टाकीत त्या जागी जातो, टोपी काढतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करतो. लाखभर माणसे एका टिंबासाठी उभी राहून ओरडतात! शुद्धलेखनाला इतका मान मिळालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

सुझाफोनला ज्याचे नाव मिळाले त्या जॉन फिलिप सुझाने 1906 साली यांत्रिक संगीताच्या धोक्यावर एक खरमरीत लेख लिहिला होता. फोनोग्राफने डब्यात भरलेले संगीत घरोघर जाईल आणि मुले वाजवायची सोडून देतील, अशी त्याला धास्ती होती. माकडापासून माणूस होताना जशी शेपटी गेली तसा पुढे गळाही जाईल, असेही त्याने त्याच वर्षी अमेरिकेच्या कायदेमंडळासमोर सांगितले. (त्या यंत्रांतून आपल्या रचनांचे पैसे आपल्याला मिळत नाहीत, हेही त्याचे दुखणे होते. कलावंताने पोटाचा विचार करू नये असे मी म्हणणार नाही.) सुझाचा अंदाज चुकला. मुलांनी वाद्ये सोडली नाहीत. ती आजही ऑगस्टच्या उन्हात पावले मोजत आहेत. ऐकायचे सोडले ते वडीलधाऱ्यांनी!

कर्णेवाल्यांचा युक्तिवाद असा की, तरुणांना हेच हवे असते. मैदानावर वाजवणारे दोनशे जण काय वानप्रस्थातले आहेत? दुसरा युक्तिवाद पैशाचा. इथे तर मला हसूच येते. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, आणि 2025 पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ते योग्यच आहे. हाडे त्यांची मोडतात. मोठ्या संघांचे कोच तर वर्षाला लक्षावधी डॉलर घेतात. त्या साऱ्या जत्रेत जवळजवळ फुकटात राबणारा कोणी असेल तर तो बँड, आणि नेमका त्याचाच आवाज दाबायचा! घरात सर्वांत कमी खाणाऱ्या सुनेला पंक्तीतून उठवण्यासारखेच हे झाले.

दुसरी रीत असू शकते, हे कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांनी दाखवून दिले आहे. तिथे मध्यंतरात कोणी खाण्याच्या रांगेत जात नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस ग्रॅम्बलिंग आणि सदर्न यांची न्यू ऑर्लिन्सला गाठ पडते, तेव्हा सामन्याइतकीच दोन्ही बँडांच्या चढाओढीची चर्चा होते. सामना हरला तरी चालेल, बँड हरता कामा नये, अशा बाण्याची माणसे तिथे भेटतात. मला ती फार समंजस वाटतात.

आणि बँड म्हणजे अपघाताचीही शक्यता, जी कर्ण्यात नाही. 20 नोव्हेंबर 1982 रोजी कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड यांच्या सामन्यात शेवटची चार सेकंदे उरली होती आणि स्टॅनफर्ड एका गुणाने पुढे होते. सामना संपलाच असे समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात घुसला. कॅलिफोर्नियाचे गडी पाच वेळा चेंडू एकमेकांकडे देत त्या बँडमधूनच धावले, आणि शेवटच्या गड्याने विजयी गुण मिळवता मिळवता एका ट्रॉम्बोनवाल्याला आडवा केला. 25-20! चाळीस वर्षांहून अधिक काळ लोक ती गंमत सांगत आहेत. कर्ण्याला असे आडवे पाडून कोणाचे नाव झाले आहे काय?

पुण्याहून भाऊ लिहितो की, विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढे ढोल-ताशाचे पथक आणि मागून डीजेची भिंत आली की ताशावाल्या पोरांना आपलाच ताशा ऐकू येत नाही. म्हणजे हे दुखणे साता समुद्रांपलीकडे एकच आहे.

माझी मागणी मोठी नाही. जाहिरातवाल्यांनी खुशाल जाहिराती दाखवाव्यात. बँड वाजत असेल तेवढा वेळ कर्ण्याची कळ खाली करावी, आणि टेलिव्हिजनवाल्यांनी मध्यंतराच्या वीस मिनिटांतली निदान पाच पोरांना द्यावीत. तसे पत्र मी इथल्या कचेरीत दिले आहे. उत्तरादाखल पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे दरपत्रक आले.

तोवर मी माझी सोय केली आहे. मंगळवारी संध्याकाळी बँडचा सराव असतो आणि मैदानाचे फाटक उघडे असते. तिकीट नाही, कर्णा नाही. मी थर्मासमध्ये चहा घेऊन जातो. एक पेला जास्तीचा ठेवतो. गेल्या मंगळवारी एक पोस्टमन येऊन बसला होता.