ठिपके, रेषा आणि मुलांची उंची

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील दवाखान्यात आले. ‘‘डॉक्टर, वर्गात ही सर्वांत बुटकी आहे. काही औषध द्याल का?’’ मी दोघांकडे पाहिले. दोघेही बेताच्याच उंचीचे. ‘‘खाण तशी माती! काळजी करू नका,’’ असे म्हणून मी त्यांना परत पाठवले. दीड वर्षाने मुलगी पुन्हा आली, तेव्हा तिची उंची जेमतेम चार सेंटिमीटर वाढली होती. रक्त तपासले, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले निघाले. गोळ्या सुरू झाल्यावर ती वाढू लागली, पण वाया गेलेले दीड वर्ष माझ्याच खाती जमा राहिले.

माझे नेमके काय चुकले? आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा संबंध तर खराच आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ साली २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांची उंची १.०८ने गुणून त्याने ती पुरुषांच्या मापात आणली. अशी माहिती कागदावर मांडताना आडव्या अक्षावर आईवडिलांची सरासरी उंची आणि उभ्या अक्षावर अपत्याची उंची घ्यावी. प्रत्येक अपत्य म्हणजे एक ठिपका. ठिपक्यांचा पुंजका डावीकडून उजवीकडे चढत जातो आणि त्याच्या मधून एक रेषा काढता येते.

गाल्टनच्या रेषेचा चढ सुमारे दोन-तृतीयांश होता. म्हणजे आईवडील सरासरीहून तीन इंच उंच असतील, तर त्यांची मुले सरासरीने दोनच इंच उंच. आईवडील तीन इंच बुटके असतील, तर मुले दोन इंच बुटकी. उंच वडिलांचा मुलगा त्यांच्यापेक्षा थोडा कमी उंच राहिला, तर तो दोष नव्हे.

परंतु रेषा सांगते ती समूहाची सरासरी. ठिपके मात्र तिच्या दोन्ही बाजूंना दूरवर विखुरलेले असतात. सारख्याच उंचीच्या आईवडिलांच्या मुलांमध्ये सहा इंचांहून अधिक फरक गाल्टनलाही आढळला. मी समूहाची रेषा पाहिली आणि समोरचा ठिपका तपासायचा विसरलो.

दुसरी फसगत घराघरांत होते. उंची वाढवणाऱ्या पावडरीचे संपलेले डबे आणि मुलाची उंची यांचा आलेख काढून पाहा. रेषा चढतीच दिसेल. कारण डबे संपत असताना मुलाचे वयही वाढत असते! दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

मग पालकांनी काय करावे? आईवडिलांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करावी; मुलासाठी १३ मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि निम्मे करावे. वडील १६५ आणि आई १५२ असेल, तर मुलीसाठी उत्तर १५२ येते. हा अंदाज आहे, वचन नव्हे. त्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटर कमीअधिक उंचीही स्वाभाविक असते.

त्याहून महत्त्वाचा आलेख मुलाचा स्वतःचा. दर सहा महिन्यांनी अनवाणी, भिंतीला टाच टेकवून उंची मोजावी, तारखेसह लिहून ठेवावी आणि डॉक्टरांकडील वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यावा. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वाढ चारहून कमी भरली, किंवा ठिपके तक्त्यावरील एक रेषा ओलांडून खालच्या रेषेकडे घसरू लागले, तर आईवडील कितीही बुटके असोत, तपासणी करावीच.

त्या मुलीचे निदान झाले, ते पहिल्या भेटीत तिची उंची केसपेपरवर लिहिलेली होती म्हणून. तेव्हापासून ‘खाण तशी माती’ ही म्हण मी दवाखान्याबाहेर ठेवली आहे.