श्रेयाची चोरी

दुसऱ्याने न दिलेली वस्तू घेणं म्हणजे अदत्तादान, हे आपल्या पाठशाळेतलं सात वर्षांचं पोरही सांगेल. मग दुसऱ्याच्या बुद्धीचं श्रेय आपल्या नावावर लावणं, याला काय म्हणायचं? शेजारणीने लाटलेले पापड कुणी स्वतःचे म्हणून पाहुण्यांपुढे ठेवले, तर आपण तिला महिनाभर नावं ठेवतो. पण चातुर्मासातल्या व्याख्यानात कुणी म्हणालं, "जगाला सगळी विद्या आपणच दिली, ग्रीकांनी ती आपल्याकडूनच उचलली," की टाळ्यांचा कडकडाट होतो. बायांनो, या टाळ्यांशी माझं भांडण आहे.

पुरावा शोधायला अथेन्सला जायला नको. मुलीच्या लग्नासाठी जी पत्रिका काढता, तीच उघडा. त्यातला 'होरा' ग्रीक. 'केंद्र' ग्रीक. 'द्रेक्काण' ग्रीक. आणि ज्या सातव्या घरावरून आपण लग्नं जुळवतो आणि मोडतो, त्याचं शास्त्रातलं नाव 'जामित्र'. हा मूळ ग्रीक 'दियामेत्रोस', म्हणजे समोरासमोरचा; लग्नस्थानाच्या बरोबर समोरचं घर. 'यवनजातक' नावाचा संस्कृत ग्रंथच आहे, आणि यवन म्हणजे ग्रीक. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने पाच सिद्धांतांचं सार लिहिलं, त्यात रोमक आणि पौलिश हे पश्चिमेकडून आलेले दोन आहेत. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रात ते ऋषींसारखे पूज्य आहेत, असं तो लिहून गेला. त्याला लाज वाटली नाही. आपल्याला का वाटते?

आपल्या घरचंही पाहू. 'सूर्यप्रज्ञप्ती' हा आपला आगम. त्यात दोन सूर्य आहेत, दोन चंद्र आहेत, नक्षत्रांचा बारीक हिशेब आहे. मेष, वृषभ, मिथुन या राशी मात्र त्यात नाहीत. त्या बाबिलोनकडून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आल्या.

इथे वडोदऱ्यात आपण पाहुण्यांना संग्रहालयात नेतो आणि अकोट्याला सापडलेली जीवंतस्वामींची कांस्यमूर्ती अभिमानाने दाखवतो. दाखवायलाच हवी. त्याच अकोट्याच्या मातीत रोमन काळातल्या एका झारीची कांस्याची मूठही सापडली, तिच्यावर ग्रीकांचा प्रेमदेव इरॉस आहे. यात आश्चर्य काय? भरूच इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवलंय की, मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी तेव्हाही भरूचच्या बाजारात चालत होती. त्या नाण्याचं नाव द्राख्मा. त्याचा झाला 'द्रम्म', आणि द्रम्माचा झाला 'दाम'. भाजीवालीशी घासाघीस करताना आपण ग्रीक बोलतो!

कुणी म्हणेल, हे मान्य केलं तर आपण लहान ठरतो. मुळीच नाही. विरजण शेजारणीकडून आणलं म्हणून दही तिचं होत नाही. ग्रीक ज्योतिषी वर्तुळाची पूर्ण जीवा मोजत. आपल्याकडे अर्धी जीवा घेतली, आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास तिची कोष्टकं दिली, आणि आज जगभरातली मुलं शाळेत तीच 'साइन' म्हणून शिकतात. शून्यासकट आपले दहा अंक अरबांनी नेले, पण त्यांना हिंदी अंकच म्हटलं. अरबांनी तेव्हा आपल्यासारख्याच टाळ्या पिटल्या असत्या, तर आज आपण कशाचा अभिमान मिरवला असता? आपल्याला श्रेय हवं, आणि द्यायची वेळ आली की हात आखडता. हा कुठला अनेकांत?

हा केवळ पुस्तकी वाद असता तर मी लेखणी उचलली नसती. माझ्या माहितीतल्या एका एम.एस्सी. झालेल्या मुलीला सातव्या घरातल्या मंगळापायी तीन ठिकाणांहून नकार आला. मुलगी हुशार, शांत, घर सांभाळणारी. तिसऱ्या नकाराच्या वेळी वरमाई म्हणाल्या, "काय करणार, आपल्या धर्माचं शास्त्र आहे ना!" बाई गं, जो शब्द तुझ्या आगमात नाही, तो तुझा धर्म कधी झाला?

खोट्या श्रेयाची किंमत अशी मोजावी लागते. उसनं आणलेलं धान्य आपण निवडून, पाखडून घेतो. तेच धान्य देवाचा प्रसाद म्हणून हातात आलं, की खडासुद्धा गिळतो. ग्रीकांची भूमिती आणि खगोलगणित पाखडून घेतलं, तिथे आपण जगाला मागे टाकलं. त्यांचं फलज्योतिष धर्म म्हणून डोक्यावर घेतलं, तिथे आपल्याच लेकी भरडल्या गेल्या.

ज्याचं त्याला देऊन टाका. आपलं म्हणून मिरवायचं ओझं उतरलं, की ती पत्रिका निवडायला, आणि वाटलं तर बाजूला ठेवायलाही, हात मोकळे होतील.